पुसायचीच असते ती

"आणि मग," डॉ. रीडेल पेन्सिल वर करून म्हणाले, "प्रोफेसर वेंडलर रांगोळीवरून चालत सभागृहात येतील."

"रांगोळीवरून?" मी विचारलं.

"अर्थात. तुम्ही ती दारातच काढायची, फ्राऊ बाबर. चांगली मोठी. त्यांच्या पावलांनी ती पुसली जाईल आणि एक शब्दही न बोलता सगळ्यांना अर्थ कळेल."

टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी बोटांची हाडं टेबलावर वाजवली. जर्मन विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, अशी टकटक करतात. पहिल्या वर्षी प्रत्येक व्याख्यान संपलं की मला वाटायचं, कोणीतरी दार ठोठावतंय, मग हे लोक उठून उघडत का नाहीत?

मी टकटक केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमची आई उभी राहिली होती. सांगोल्याला एकदा आमच्या दारातल्या रांगोळीवरून दूधवाल्यानं सायकल घातली, तर पुढे महिनाभर तो बिचारा मागच्या दारानं दूध घालत होता. आणि इथे हे विद्वान लोक आपल्या गुरूला मुद्दाम रांगोळीवर चालवायला निघाले होते, तेही सन्मान म्हणून!

अर्थात त्यांना तरी काय बोलणार? ते सगळे एका पुस्तकावर वाढले होते.

आमच्याकडे ज्याला आर्ट्स साइड म्हणतात, आणि जिकडे गेलं की मामा-काका "मग पुढं काय करायचं ठरवलंय?" असं काळजीनं विचारतात, त्याला जर्मन भाषेत एक लांबलचक आणि भारदस्त नाव आहे. त्याचा अर्थ साधारण 'चित्ताची शास्त्रं' असा होतो. माणूस कसा जगतो, काय विचार करतो, काय गातो, काय रेखतो, याचा तिथे लोक पदार्थविज्ञानाइतक्या गंभीर चेहऱ्यानं अभ्यास करतात. मला ते फार आवडायचं. माझ्या आईच्या चिमटीतून पडणाऱ्या पांढऱ्या रेघेवर कोणीतरी तळटिपा लिहिल्यात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मान ताठ झाली होती.

त्या तळटिपा लिहिणाऱ्या म्हणजे गुडरुन वेंडलर. तरुणपणी त्या टेपरेकॉर्डर खांद्याला लावून आमच्या माणदेशातल्या खेड्यांत राहिल्या आणि परत येऊन त्यांनी रांगोळीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं नाव 'पुसण्यासाठी रेखलेले'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की युरोपातला कलावंत टिकून राहण्यासाठी धडपडतो, दगडात कोरतो, सोनेरी चौकटीत बसवतो. माणदेशातली बाई मात्र रोज सकाळी पुसलं जाण्यासाठीच रेखते. काहीच टिकत नाही हे तिनं शांतपणे पत्करलेलं असतं, आणि हे पत्करणं म्हणजेच एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. या सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे भामाबाई नावाच्या एका बाईंचं टेपवरचं वाक्य: "पुसायचीच असते ती." ग्रंथ याच वाक्यानं सुरू होतो. ते वाक्य परीक्षेला यायचं, भाषणांत यायचं, आणि आमच्या संस्थेच्या जिन्यात तर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

आता वेंडलरबाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या शिष्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं होतं. जर्मनीत ही मोठी प्रथा आहे. प्रत्येक शिष्यानं एकेक लेख लिहायचा. ज्याचा गौरव करायचा त्याला शेवटपर्यंत काही कळू द्यायचं नाही. त्याला कळलेलं असतंच, पण कळलंय असं त्यानं दाखवायचं नाही. सगळी संस्था वर्षभर कुजबुजत होती आणि बाई आल्या की हवापाण्यावर बोलत होती.

मी बाईंची शेवटची विद्यार्थिनी. सोलापूरच्या एका चर्चासत्रात त्यांनी मला प्रश्न विचारताना ऐकलं आणि तिथेच सांगितलं, "तू माझ्याकडे ये." मी गेले. पहिल्याच हिवाळ्यात माझं पातळ स्वेटर पाहून त्यांनी स्वतःचा लोकरी कोट माझ्या अंगावर टाकला होता. जर्मन बोलताना त्या मला 'फ्राऊ बाबर' आणि 'तुम्ही' म्हणायच्या, पण मराठी त्यांना खेड्यातल्या बायकांनी शिकवलेली, त्यामुळे मराठीत त्या साऱ्या जगाला 'तू' म्हणायच्या. कोट देताना म्हणाल्या, "परत आणलास तर बघ." त्या परक्या गावात मला हक्कानं 'तू' म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

बैठक संपल्यावर डॉ. रीडेल यांनी मला थांबवलं. ते बाईंचे सर्वांत जुने शिष्य आणि या ग्रंथाचे संपादक.

"पहिल्या पानावर भामाबाईंचं वाक्य मूळ मराठीत छापायचंय," ते म्हणाले. "टेपवरून तपासून द्या. काना-मात्रा चुकता कामा नये."

संस्थेच्या तळघरात टेपांची खोली होती. मी टेप लावला आणि टंकलिखित प्रत समोर घेतली. बाईंचं काम म्हणजे काम. टेपवरचं काहीच सुटलं नव्हतं. 'खोकला. कोंबडा आरवतो. बैलगाडी जाते.' असं सगळं कंसात. मग 'व्यत्यय' असा एक शब्द. मग ते प्रसिद्ध वाक्य. त्यापुढे 'अस्पष्ट'.

हेडफोनमध्ये आधी पावलं वाजली. बूट घातलेली जड पावलं. आणि मग जिथे कागदावर 'व्यत्यय' लिहिलं होतं, तिथे एक बाई कडाडली:

"अगं कोन मेलं त्ये! डोळं फुटलं का काय? आत्ता काडलीया न्हवं ती!"

आणि मग तोच आवाज, पण साखर घातलेला:

"अगं बया, बाई तुमी व्हय! असू द्या, असू द्या. काय हुत न्हाई. पुसायचीच असती ती."

मी त्या तळघरात एकटीच मोठ्यानं हसले. पुस्तकात 'असती'चं 'असते' झालं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे तत्त्वज्ञान? पाहुण्याच्या हातून कप फुटला तर आपण काय म्हणतो? "राहू द्या हो, जुनाच होता." पाहुण्यांच्या पोरानं लोणच्याची बरणी फोडली तेव्हा आमची आई म्हणाली होती, "बरं झालं, नाही तरी टाकायचीच होती." आणि पाहुणे गेल्यावर दोन दिवस कपाळाला हात लावून बसली होती. भामाबाईंनी एका ओशाळलेल्या पाहुणीला सावरून घेतलं होतं, इतकंच. ती पाहुणी कोण, हे बुटांवरून कळतच होतं. रांगोळीवर पाय खुद्द वेंडलरबाईंचा पडला होता.

त्या तेव्हा पुस्तकातून मराठी शिकून आलेल्या. ती घाईची माणदेशी ओरड त्यांना कळली नसणार. बाजूला कोणाचं तरी भांडण चाललंय असं समजून त्यांनी शिस्तीत 'व्यत्यय' लिहिलं आणि पुढचं सावकाश, गोड बोललेलं वाक्य जपून उतरवून घेतलं. टंकलेखन एकदा झाल्यावर टेप परत कोण ऐकतो? कोंबड्याचं आरवणंसुद्धा न सोडणाऱ्या माणसाच्याच हातून अशी चूक होऊ शकते.

हसू ओसरलं. बाईंचं आयुष्य त्या वाक्यावर उभं होतं. मी हे बोलले तर त्यांच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्याच गौरवग्रंथात, त्यांच्याच लाडक्या विद्यार्थिनीनं त्यांचं पुस्तक खाली ओढलं असं होणार. त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या तर? मला ते सहन झालं नसतं. आणि न बोलता गप्प राहिले, तर बाईंनी मला इतकी वर्षं शिकवलं ते कशासाठी? रात्री झोप लागायच्या आत मी ठरवून टाकलं होतं. लिहायचं.

लेख वाचून डॉ. रीडेल यांचे कान लाल झाले.

"हे छापता येणार नाही. गौरवग्रंथात माणसाचा गौरव करतात."

"तुम्हीच टेप तपासायला सांगितलात. मी तपासला."

"फ्राऊ बाबर, प्रोफेसर वेंडलरांच्या ग्रंथाचं नाव काय आहे?"

"'पुसण्यासाठी रेखलेले'," मी म्हटलं. "तेच तर."

त्यांनी डोकं धरलं. पण माणूस प्रामाणिक. मराठी त्यांना उत्तम यायची. माझ्याबरोबर तळघरात आले, हेडफोन लावले आणि ऐकलं. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. दुसऱ्या वेळी त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, ते त्यांनी लगेच दाबलं.

"कोन मेलं त्ये," ते हळूच म्हणाले. "अरे देवा." मग हेडफोन काढून ठेवत, "ठीक आहे. पण शेवटी एक परिच्छेद घाला. काहीतरी मऊ. त्यांना टेकायला जागा राहील असं."

मी घातला. 'असे असले तरी भामाबाईंच्या वाक्यातले काव्यात्म सत्य अबाधितच राहते,' वगैरे वगैरे. लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं. सापही मरत होता आणि काठीही शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या भेटीची माझी ठरलेली वेळ होती. बाई पेन्सिलींना टोक करत बसल्या होत्या. मी बसायच्या आतच म्हणाल्या, "काय लपवताय?"

"काही नाही."

"फ्राऊ बाबर, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. काही लिहिताय का?"

ग्रंथाबद्दल तर बोलायचं नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, "लिहितेय. एका जुन्या संशोधकांवर. फिनलंडमधले. भरतकामाचा अभ्यास करायचे."

"फिनलंड," बाई म्हणाल्या.

"हो. ते एका बाईंच्या घरी गेले आणि त्यांच्या हातून भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर कॉफी सांडली. बाई म्हणाल्या, 'असू द्या, डाग पडायलाच असतो तो.' यांनी ते वाक्य खरं धरलं आणि त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. डागाचं तत्त्वज्ञान. पण ती बाई नुसती पाहुण्याला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाली होती."

बाईंची पेन्सिल थांबली. टेबलाखाली त्यांनी पाय थोडे मागे घेतले.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा, परीक्षा घेतानाचा.

"आधी ती ओरडली होती. सांडलं तेव्हा. पाहुणा दिसल्यावर गोड झाली."

"याला पुरावा आहे?"

"आहे. भक्कम."

"हे गृहस्थ जिवंत आहेत?"

"हो."

"मूर्ख आहेत?"

"नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "फार मोठे आहेत. मला जे काही येतं ते त्यांच्यामुळे."

"फिनलंडच्या भरतकामात तुम्हाला बरंच काही येतं म्हणायचं," बाई म्हणाल्या. मी जमिनीकडे पाहिलं. "बरं. शेवट काय केलात?"

तो परिच्छेद मला पाठ होता. मी म्हणून दाखवला, नावं गाळून. 'असे असले तरी... काव्यात्म सत्य अबाधितच...'

"हे कोणाला घाबरून लिहिलंत?"

"घाबरून नाही," मी म्हटलं. "प्रेमानं."

"मग तर काढाच. त्या गृहस्थांचं नुकसान तसल्याच एका वाक्यानं झालं ना? कोणीतरी प्रेमानं खोटं बोललं. तुम्ही त्यांना आणखी एक 'असू द्या' ऐकवणार?"

बाई टेबलावर पुढे झुकल्या. त्या रागावल्या असत्या तर मला समजलं असतं, पण त्या चक्क शिकवत होत्या, आणि नेहमीपेक्षा जास्त कडकपणे.

"आणि लेख अर्धाच झालाय. एक वाक्य पाडलंत, ठीक. ते कोणालाही जमेल. तो टेबलक्लॉथ डाग पडण्यासाठी नव्हता, तर मग कशासाठी होता? हे सांगता येत नसेल तर तुमचा लेख म्हणजे नुसता विनोद. लोक हसतील आणि विसरतील. जा, शोधा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? मी कधी फिनलंडला गेलेले नाही." त्यांनी पेन्सिल पुन्हा टोकयंत्रात घातली. "दार लोटून घ्या."

मी तशीच तळघरात गेले. टेप पुन्हा लावला. ओरड, गोडवा, ते वाक्य. आणि त्यापुढचं 'अस्पष्ट'. इतके दिवस माझं सगळं लक्ष आधीच्या ओरडीकडे होतं, पुढे काय आहे ते मी नीट ऐकलंच नव्हतं. आता आवाज पूर्ण मोठा केला, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. भामाबाई बहुधा मान वळवून आतल्या कोणाला तरी हळू, हिरमुसल्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या. ज्याच्या कानाला ती बोली घरची आहे त्यालाच ते लागलं असतं. मला लागलं. मी लिहून घेतलं. डोळे पुसायला जवळ काही नव्हतं म्हणून बाईंनी दिलेल्या त्याच कोटाच्या बाहीला पुसले.

तो मऊ परिच्छेद मी काढला. त्याच्या जागी, लेखाची शेवटची ओळ म्हणून, भामाबाईंचं ते बोलणं घातलं. बस्स. डॉ. रीडेल यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मऊ परिच्छेद कुठे गेला?"

"काढला. लेख असाच छापा, नाही तर छापू नका. पण नाही छापलात तर रांगोळीही दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या."

त्या सबंध शहरात रांगोळी काढणारी मी एकटीच होते. लेख छापला गेला.

समारंभाच्या दिवशी मी सकाळपासून सभागृहाच्या दारात मांडी घालून बसले. आईनं पाठवलेलं रांगोळीचं पाकीट होतं. फरशी गार होती, बोटं आखडत होती, पण हात बसला तसा मला कोणाचीच पर्वा वाटेनाशी झाली. ठिपके दिले, वेली जोडल्या, मधे कमळ भरलं. दाराची जवळजवळ सगळी रुंदी व्यापली. कोट टांगायच्या स्टँडच्या बाजूला मात्र वीत-दीड वीत जागा ठेवली. डॉ. रीडेल म्हणाले, ती कशाला? मी म्हटलं, आमच्याकडे रांगोळीनं वाट अडवत नाहीत.

दुपारी सगळे आत दाराकडे तोंड करून उभे राहिले. एकानं कॅमेरा सज्ज ठेवला. बाई आल्या. काळा पोशाख, नेहमीचे जड बूट, मागे विद्याशाखेचे अधिष्ठाता. पाय उचलला आणि खाली बघून थांबल्या.

"या ना," डॉ. रीडेल आतून हात पसरून म्हणाले. "चालत या. तुमच्यासाठीच आहे."

बाईंनी उचललेला पाय मागे घेतला. रांगोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या स्टँडच्या बाजूच्या वीतभर जागेकडे. कोटाचा घोळ आवरून धरला, एका हातानं स्टँड पकडला आणि भिंतीला पाठ लावून तिरक्या-तिरक्या सरकत आत आल्या. एक कणही हलला नाही.

अधिष्ठात्यांना काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनीही पोट आत ओढलं आणि ते स्टँडला धरून सरकू लागले. त्यांच्यामागे आलेली सगळी मोठी मंडळी तशीच, एकामागून एक, भिंतीला पाठ घासत आत आली. डॉ. रीडेल यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाईंना सगळं कळलं होतं. त्यांच्या खोलीत, टेबलाखाली पाय मागे घेतले तेव्हाच कळलं होतं.

भाषणं सुरू झाली. ग्रंथ बाईंच्या हातात दिला गेला. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली आणि पानं उलटत सरळ माझ्या लेखाच्या शेवटच्या पानावर गेल्या. त्या काय शोधत होत्या ते मला माहीत होतं. पानावरून बोट फिरवलं. मऊ परिच्छेद नव्हता. बाईंनी मान हलवली आणि टेबलावर एका बोटानं टक् टक् केलं. शेजारच्यांना वाटलं, भाषण आवडलं. त्यांनीही वाजवलं, मग सगळ्या सभागृहानं वाजवलं, आणि अधिष्ठाते बोलता बोलता खूष होऊन थांबले.

मग बाईंची नजर शेवटच्या ओळीवर गेली. ती त्यांना नवीन होती. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला. आणि भाषण चालू असतानाच उठल्या, ग्रंथ उघडाच टेबलावर ठेवला आणि दाराकडे चालू लागल्या.

संपलं सगळं, असं वाटलं. मी त्यांच्यामागे धावले. स्टँडजवळच्या जागेतून सरकून त्या रांगोळीच्या पलीकडे जाऊन उभ्या होत्या, पाठमोऱ्या.

"फिनलंड!" माझ्याकडे न बघता त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर आधी मला विचारत जा, फ्राऊ बाबर. तुम्हाला अजिबात जमत नाही."

मला हसावं की रडावं कळेना. मग त्या वळल्या आणि त्यांनी ती ओळ म्हटली. मराठीत, सावकाश, भामाबाईंच्याच बोलीत:

"पाटंपासनं काडत हुते, पावनी येनार म्हनून."

"हो, पहाटेपासून," मी म्हटलं. "टेपवर आहे. तुम्हाला ऐकवते."

"पावनी म्हणजे मी?"

"तुम्हीच. त्या गावात त्या दिवशी दुसरी कोण पाहुणी येणार होती?"

बाईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"इतकी वर्षं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "मी लोकांना सांगत आले की ती कोणासाठीच काढलेली नव्हती. मला ते फार थोर वाटायचं. आणि ती माझ्यासाठी होती. मी खाली बघितलंसुद्धा नाही."

काय बोलावं? 'असू द्या' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"नाही बघितलंत," मी म्हटलं.

बाई हसल्या. मला वाटतं, त्या दिवशी त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. मग माझ्या खांद्यावर भार टाकून, गुडघ्यांची कुरकुर करत, त्या रांगोळीच्या कडेला खाली बसल्या, आणि चष्मा परत लावून कमळाच्या पाकळ्यांकडे बघू लागल्या.

"दाखव," त्या मराठीत म्हणाल्या. "कुठून सुरू केलीस?"

मी मधल्या ठिपक्यावर बोट धरलं. "इथून."

"मग?"

"मग ही वेल. अशी."

आत भाषण संपलं असावं. दार ठोठावल्यासारखी टकटक ऐकू येत होती, आणि थांबत नव्हती. आम्ही दोघीही उठलो नाही.